वरचा सिलिंडर तापतोय

आष्ट्यात माझी बोटीच्या मोटारी दुरुस्त करायची शेड आहे असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग आजूबाजूच्या उसाकडे बघतो आणि हमखास विचारतो, “मेजर, हितं समुद्र कुठाय?” पूर्वी मला राग यायचा. आता मी शांतपणे सांगतो, “येतोय. ऑगस्टात येतोय.” कृष्णाकाठच्या माणसाला यापेक्षा जास्त सांगावं लागत नाही.

मेजर ही पदवी गावानं दिलेली आहे. मी निवृत्त झालो हवालदार म्हणून. पण सातारा-सांगलीकडं फौजेतून परतलेल्या माणसाला गाव परस्पर मेजर करून टाकतं आणि नाही म्हटलं तर उलट तोच नम्र ठरतो, म्हणून मी नाही म्हणायचं सोडून दिलंय. फौजेत आमच्या युनिटचं काम नद्यांवर पूल टाकायचं आणि माणसं-सामान पलीकडं पोचवायचं. त्या बोटींच्या मोटारी माझ्याकडं असत. पेन्शन घेऊन घरी आलो तेव्हा धाकटा भाऊ ऊस बघत होता आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगला बघत होता. त्याच्या कामात लुडबूड नको म्हणून मी शेड टाकली. पुढं गावोगावी पुरासाठी बोटी आल्या आणि माझं बरं चाललं.

आता ही मोटार म्हणजे काय, ते ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. बोटीच्या मागच्या फळीला एक उभं यंत्र अडकवलेलं असतं. वर इंजिन, खाली पाण्यात पंखा. गाडीला रेडिएटर असतो, हिला नाही. ही ज्या पाण्यात चालते तेच पाणी पिते. खाली एक जाळी असते, जाळीच्या आत रबरी पाकळ्यांचा छोटा पंप. तो पाणी वर ढकलतो, ते सिलिंडरांच्या भोवतीच्या पोकळीतून फिरतं, उष्णता घेतं आणि परत नदीत जातं. त्यातलं थोडं पाणी मागच्या एका बारीक भोकातून बाहेर पडतं. पंप चालू आहे एवढं चालवणाऱ्याला दिसावं म्हणून केलेली ती सोय. त्या धारेला फौजेत आम्ही जे म्हणायचो ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. मी आपलं नुसतं धार म्हणतो.

धार चालू म्हणजे मोटार थंड आणि धार बंद म्हणजे मोटार गेली, असं सगळे बोटवाले धरून चालतात. यात अडचण एवढीच, की धार दोन्हीकडून फसवते.

कोयनेच्या जलाशयावर पर्यटक फिरवणारे एक कदम नाना आहेत. ऐन सुट्टीच्या दिवसांत त्यांचा फोन आला. धार बंद पडली होती. बोट बांधून ठेवली होती, पंप खोलून नव्या पाकळ्या टाकल्या होत्या, तरी धार नाही. “आता इंजान खोलतो बगा सगळं,” म्हणाले. मी ओरडलोच, “नाना, पाना खाली ठेवा!” आणि एसटी पकडून साताऱ्यावरून वर गेलो. मोटार चालू करायला लावली आणि इंजिनवर तळहात ठेवला. माझी पहिली तपासणी नेहमी हीच. हात ठेवून राहता येतंय, म्हणजे तब्येत ठीक. हात झटकावा लागला, म्हणजे दुखणं आहे. नानांच्या मोटारीवर मी आरामात हात ठेवून उभा राहिलो, वर चहाही प्यायलो. मग नानांच्या मंडळींकडून एक सेफ्टी पिन मागितली आणि धारेच्या भोकात घातली. आतून मातीचा खडा निघाला. कुंभारीण माशीनं त्या भोकात घर बांधलं होतं. खडा निघाला तशी धार सुटली ती वाकून बघणाऱ्या नानांच्या तोंडावर.

“म्हंजे मी इतकं दिस बोट बांधून घातली ती कशापायी?” तोंड पुसत नाना म्हणाले.

“माशीपायी.”

नाना आजही माशी दिसली की तिला टोपीनं हाणतात.

दुसरे गिऱ्हाईक विट्याचे. विट्याकडची पुष्कळ मंडळी देशभरच्या शहरांतून सोनं-चांदी गाळायचा धंदा करतात, त्यांना आमच्याकडं गलाईवाले म्हणतात. असे एक शेठ धंदा मुलांवर सोपवून गावी आले, मोठं शेततळं खणलं आणि नातवंडांना फिरवायला जुनी मोटारबोट घेऊन आले. दुष्काळी भागात लहानपण गेलेल्या माणसाला पाण्याची हौस किती असते, ते त्या तळ्याकडं बघून कळायचं. त्यांची मोटार धूर टाकायची, अडखळायची, प्लग तेलानं भरायचे. मी हात ठेवला तर थंडगार. कुणीतरी शहाण्यानं त्यांना सांगितलं होतं, थर्मोस्टॅट काढून टाका, मोटार कधी तापणार नाही. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरची एक छोटी झडप. इंजिन थंड असलं की ती बंद राहून पाणी आत अडवते, हवं तेवढं गरम झालं की उघडते. ती काढली, की मोटार तापत नाही हे खरं, पण कधी नीट गरमही होत नाही.

“शेठ, हिला ताप नाही. हिला हुडहुडी भरलीय,” मी म्हणालो आणि झडप काढल्याबद्दल चांगलं झापलं.

शेठना पुढं काही समजावून सांगावं लागलं नाही. “म्हंजे आच राखाय पायजे,” ते म्हणाले. “मुशीचं तसंच हाय. कमी पडली तर सोनं गळत न्हाई, जादा झाली तर मूस फुटती. आवं, मग ह्ये आदी सांगायचं की!” जणू मीच झडप काढून नेली होती.

पण ज्या मोटारीसाठी लिहायला बसलो ती या दोन्हींहून वेगळी. तिची धार उत्तम होती आणि तरी ती तापत होती. आणि तिच्यावर माझ्या बहिणीचा जीव अवलंबून होता.

माझी मोठी बहीण, तिला आम्ही सगळे आक्का म्हणतो, नदीकाठच्या एका गावात दिलेली आहे. मी फौजेत असताना आमच्या आईवडिलांचं दुखणंखुपणं तिनंच काढलं. सासरचं आवरून यायची, माहेरचं आवरून जायची. मला पत्रात कधी कळवायचीसुद्धा नाही, सगळं उरकल्यावर कळवायची. तिचे यजमान, आमचे दाजी, म्हणजे व्यवस्थितपणाचा कळस. खुरप्याला तेलाचं बोट लावून ठेवणारा माणूस. मळ्यात त्यांचं लहानसं गुऱ्हाळ आहे आणि त्यांची काकवी लांबलांबचे लोक येऊन घेऊन जातात. दाजींचं घर गावात नाही, नदीच्या अंगाला मळ्यातल्या वस्तीवर आहे. गाव आणि वस्तीच्या मध्ये एक ओढा आहे. एरवी गुडघाभर.

त्या वर्षी पाणी पुढून यायच्या आधी ओढ्यातून मागून आलं. नदी फुगली की ओढा उलटा भरतो. वस्ती चारी बाजूंनी तुटली. वस्तीवर स्लॅबचं घर एकट्या दाजींचं, त्यामुळं शेजारपाजारची म्हातारीकोतारी, पोरंबाळं सगळी त्यांच्या स्लॅबवर चढली होती. त्यात दाजींचा पाय प्लास्टरमध्ये. गोठ्यात घसरून मोडला होता.

आक्काचा फोन आला. आवाज अगदी साधा. “पाणी वट्याला लागलंय रं. संपत बोट घेऊन येतोय म्हणत्यात. तू काय धावपळ करू नगंस.”

आक्का धावपळ करू नको म्हणाली, की निघायचं, एवढं मला लहानपणापासून माहीत आहे. हत्यारांची पेटी जीपमध्ये टाकली आणि वरच्या अंगाच्या रस्त्यानं गावात पोचलो.

गावात उंचावर शाळा आहे. तिथं पूरग्रस्तांची सोय केली होती आणि पाणी शाळेच्या मैदानाच्या कडेला आलं होतं. तिथंच बोट बांधलेली आणि शेजारी संपत डोक्याला हात लावून बसलेला. संपत म्हणजे गावच्या तालमीतला गडी, पट्टीचा पोहणारा, पावसाळ्यात बोट त्याच्या ताब्यात असते. घाबरणारा माणूस नव्हे. पण त्या दिवशी त्याचा चेहरा उतरला होता.

“मेजर, मधी पाण्याच्या वढीला लागलो आन मोटारीचा दमच गेला,” तो म्हणाला. “आवाज जड झाला, रंग जळल्यावानी वास आला आन बंद. बोट फिराया लागली. त्या आंब्याच्या शेंड्यात अडाकली म्हणून वाचलो. दोर टाकून वढून आणली पोरांनी.”

“गार झाल्यावर चालू होते?”

“व्हय. धारबी मारती झकास. जरा येळ चालती आन परत तीच तऱ्हा. पंपाच्या पाकळ्या बदलल्या कालच. नव्या हायत.”

सरकारी बोटी मोठ्या गावांत गुंतल्या होत्या. येणार होत्या, पण कधी ते कुणी सांगत नव्हतं. वस्तीवर जायचं तर हीच बोट आणि बोटीला हीच मोटार. मी वल्ह्यांकडं बघितलं, मग ओढ्यावरून आडवं धावणारं पाणी बघितलं. त्यात उसाची आख्खी बेटं मुळासकट वाहत चालली होती. वल्ह्यांचा विचार सोडून दिला.

मोटार बांधलेल्या बोटीवरच चालू करायला लावली. धार खरंच छान होती. म्हणजे जाळी मोकळी, पंप ठीक, पाणी वर चढतंय. मी वरचं झाकण काढलं. या मोटारीला दोन सिलिंडर असतात, एकावर एक. ओलं फडकं घेऊन मी खालच्या सिलिंडरवर पिळलं. थेंब पडले, ओघळून गेले. मग वरच्यावर पिळलं. चर्र आवाज आला आणि थेंब तव्यावर नाचावेत तसे नाचून नाहीसे झाले.

“बंद कर!” मी ओरडलो.

खालचा ठीक आणि वरचा जळतोय. धारेचं पाणी या मोटारीत खालच्या बाजूनंच फुटतं. म्हणून धार चांगली, म्हणून संपतला वाटलं पाणी फिरतंय. पण ते वरपर्यंत जातच नव्हतं. वर वाट बंद होती. आणि वर काय असतं, तर थर्मोस्टॅट.

एवढं कळायला मला वेळ लागला नाही. खरा वेळ गेला पुढं. थर्मोस्टॅटच्या झाकणाचे बोल्ट अॅल्युमिनियममध्ये धरून बसले होते. असा बोल्ट घाईनं फिरवला, की त्याची मान मोडून हातात येते आणि उरलेला आत राहतो. मग लेथवर न्यावा लागतो आणि लेथ सांगलीला. मी प्रत्येक बोल्टला डिझेल सोडलं, हातोडीनं हळूहळू ठोकलं, थोडा मागं, थोडा पुढं. आजूबाजूला ही गर्दी. “उरका मेजर.” “जोर लावा मेजर.” “मी लावू का जोर?” मला माझा स्वभाव ठाऊक आहे. एरवी मी पाना फेकून मारला असता. तेव्हा दात आवळून नुसता ठोकत राहिलो. मध्येच खिशातला फोन वाजला.

“खिडकी दिसंना झाली बग,” आक्का म्हणाली. “तू जेवलास का?”

“जेवलो,” मी म्हणालो आणि फोन संपतकडं दिला.

शेवटचा बोल्ट करकरत फिरला तेव्हा मी देवाचं नाव घेतलं की शिवी दिली ते आठवत नाही. झाकण उघडलं. आत पितळी झडप दिसायला हवी होती. झडप कसली, एक तपकिरी, चकचकीत लगदा बसला होता. झडप त्यात गच्च चिकटलेली. पुढची वाटही त्यानंच भरलेली. पहिल्यांदा वाटलं नदीचा गाळ. पण गाळ बोटाला खरखरीत लागतो, हे चिकट होतं. मग वाटलं कुणीतरी ग्रीस भरलंय. हुंगून बघितलं. आणि सगळ्यांच्या देखत बोट चाटलं.

“मेजर!” कुणीतरी ओरडलं.

“गोड लागतंय,” मी म्हणालो.

खरंच गोड होतं. जरा करपलेलं, पण गोड. इतकी वर्षं मोटारी खोलल्या. आत वाळू बघितली, शेवाळ बघितलं, एकदा जिवंत मासाही बघितला. गूळ पहिल्यांदाच बघत होतो.

मग मात्र माझा तोल गेला. उन्हाळ्यात मोटार अधूनमधून पाण्यात चालवून बघावी लागते, नाहीतर जाम होते. त्यासाठी लोक पाणी भरलेलं बॅरल वापरतात आणि त्यात काही वावगं नाही. पण कुणीतरी महाभागानं तळाला गोड चिकटा असलेलं बॅरल वापरलं होतं, तेही एकदा नव्हे. चालवलं की साखरपाणी वर चढायचं, बंद केली की वर झडपेपाशी साचून उन्हाळ्याच्या उष्म्यात सुकायचं. पुढच्या वेळी त्यावर नवा थर. चहाच्या पातेल्याची सायसुद्धा इतक्या मनापासून कुणी जमवत नसेल.

“ज्यानं ह्यो उद्योग केलाय,” मी गर्दीला ऐकू जाईल असा ओरडलो, “त्याला ह्याच नदीत फेकणार हाय मी! कोण हाय तो? संपत, उन्हाळ्यात मोटार कुणाकडं होती?”

संपत एकदम पेट्रोलच्या टाकीत डोकं घालून काहीतरी बघायला लागला. “आदी माणसं आणू, मेजर,” तो आतूनच म्हणाला. “कुणाला फेकायचं ते मागनं बगू.”

ते बरोबर होतं. मी झडप उपटून बाजूला ठेवली आणि तारेनं वाट उकरायला लागलो. पण वाटा आत वळत जातात, तार जात नाही. असं उकरत बसलो असतो तर अंधार झाला असता. मग ट्यूब पेटली. ही वाळू नाही, गंज नाही. गूळ आहे. गुळाला तार कशाला लागते?

शाळेच्या व्हरांड्यात चुलीवर मोठं पातेलं चढलं होतं आणि गावातल्या शालन वहिनी लोकांसाठी चहा करत होत्या. मी जाऊन सांगितलं, उकळतं पाणी द्या.

“च्याचं पाणी हाय त्ये,” वहिनी म्हणाल्या. “साखर टाकू का?”

“साखर नको वहिनी! साखरेनंच तर घात केलाय.”

“आन पाणी कुणाला?”

“मोटारीला.”

वहिनींनी माझ्याकडं असं बघितलं, जणू पुरानं आणखी एका माणसाचं डोकं फिरवलं. पण पातेलं उचलायला त्याच पुढं झाल्या. मी नरसाळं लावून वरच्या भोकातून गरम पाणी सोडलं. आधी सगळं वरतीच तुंबलं. मी श्वास धरून बघत होतो. मग पातळी जराशी खाली गेली. मग आणखी. मग खालून काळा चहा गळावा तसं पाणी टपकायला लागलं आणि आख्ख्या मैदानात गुऱ्हाळाचा वास सुटला. वहिनी पातेली आणत राहिल्या, मी ओतत राहिलो. काळं पाणी तांबूस झालं, तांबूस फिकट झालं आणि शेवटी नितळ पाणी खळखळ करत उतरलं. ओल्या मैदानात मी मटकन खाली बसलो.

झडप परत बसवली नाही. विट्याच्या शेठना ज्यावरून झापलं होतं तेच मी स्वतः केलं. त्या दिवशी मोटारीला हुडहुडी भरली तरी चालणार होती. झाकणाखालचं पॅकिंग फाटलं होतं, ते शाळेत सापडलेल्या एका जाड लग्नपत्रिकेतून कापलं. पत्रिका कुणाची ते बघितलं नाही, पण त्या जोडप्याचा संसार सुखाचा होवो.

मोटार चालू केली. फडकं पिळलं. खाली थेंब ओघळले. वर थेंब ओघळले. थोडा वेळ तशीच चालवली, परत पिळलं. दोन्हीकडं सारखेच.

“चला,” मी म्हणालो आणि संपतच्या शेजारी बसलो.

“तुमी कशाला मेजर? ह्ये वाकडं पाणी हाय.”

“तू पाणी बग. मी मोटार बगतो.”

इंजिनवरचं मोठं झाकण मी लावलंच नाही. वर गरगर फिरणाऱ्या चाकापासून बोटं सांभाळून, प्लगची वायर चुकवून, वरच्या सिलिंडरवर तळहात ठेवला आणि तसाच बसलो. संपत सुकाणू धरून झाडांचे शेंडे चुकवत होता. मधल्या ओढीला लागलो तेव्हा बोट एकदम आडवी सरकली, संपतनं मोटारीचा जोर वाढवला. माझ्या हाताखाली धातू तापायला लागला. मी हात काढला नाही. सकाळी मोटार इथंच गेली होती. तो आंबाही मागं दिसत होता. धातू आणखी जरा तापला आणि थांबला. सोसेल इतका गरम. फौजेत आयुष्य गेलं, पण कुठल्याही मोटारीच्या तापमानानं मला तेव्हाइतकं बरं वाटलेलं नाही.

स्लॅबवर दाजी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, प्लास्टर बांधलेला पाय दुसऱ्या खुर्चीवर. जणू सभेचे अध्यक्ष. आणि अध्यक्षासारखेच सगळ्यांना सूचना देत होते, आधी पोरं, मग म्हाताऱ्या, गडबड करायची न्हाई. आक्कानं मला बघितलं आणि म्हणाली, “जेवलो म्हणून खोटं सांगितलंस नव्हं?” मी पहिलं पोर उचलून बोटीत घेतलं.

दाजी शेवटच्या फेरीशिवाय हलायला तयार नव्हते आणि दाजींशिवाय आक्का. वाद घालण्यात वेळ जातो हे दोघांच्या बाबतीत मला ठाऊक आहे. म्हणून आम्ही बाकीची माणसं नेत राहिलो. प्रत्येक फेरीला माझा हात त्याच जागी. मोटार एकदाही अडखळली नाही. शेवटच्या फेरीला दाजींना खुर्चीसकट उचलून बोटीत ठेवलं, आक्का त्यांच्या पायाशी बसली आणि मागं घरात फक्त पाणी राहिलं. पाऊस थांबला होता. आता सगळी माणसं सुखरूप निघाली होती, त्यामुळं संपतही सैल पडून शीळ घालायला लागला होता.

दाजींनी माझ्या हाताकडं बघितलं, मोटारीकडं बघितलं आणि समाधानानं मान डोलावली.

“काय पाव्हणं, मोटार हाय का न्हाई झकास?”

“हाय की.”

“असणारच की! उन्हाळाभर मी सांभाळली हाय. दर पंधरवड्याला चालवून बगितलीय. एक पंधरवडा चुकीवला न्हाई.”

संपतची शीळ थांबली.

“कशात चालवून बगितली, दाजी?” मी विचारलं.

“बॅरलात की. आपलं काकवीचं मोकळं बॅरल हाय नव्हं, त्यात पाणी भरायचं आन लावायची.”

“बॅरल धुतलं होतं का?”

“धुतलं हुतं की वरनं. तळाला काकवी ऱ्हातीच जरा, लय घट्ट बसती, खरवडून निघत न्हाई. म्हटलं पंख्यानं आपसूक निघंल. मोटारीचं काम हुतंय, बॅरलबी धुऊन हुतंय.” आणि हसून म्हणाले, “निघाली बगा सगळी!”

मग संपत, पुढच्या पाण्यावरची नजर न काढता म्हणाला, “मेजर, हितं लय खोल हाय. फेकायचा का?”

“कुणाला रं?” दाजींनी विचारलं.

मला जे हसू फुटलं ते आवरेना. संपत सुकाणूवर वाकून हसत होता, मी मोटारीवर वाकून हसत होतो, आणि हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी कधी यायला लागलं ते कळलं नाही. दाजी दोघांकडं आळीपाळीनं बघत होते. आक्का संतापली. “हितं माणसं मरायची पाळी आली आन दात काय काढताय येड्यावानी?” त्यावर आम्ही आणखी हसलो.

दाजींना खरं काय ते पूर ओसरल्यावर सांगितलं. जपणाऱ्या माणसाला ते फार लागलं. मी त्यांना सांगितलं, दाजी, बाकीच्या गावांत मोटारी ताडपत्रीखाली पडून असतात, पाणी आल्यावरच लोकांना आठवण येते. चालवून बघणारे तुम्ही एकटेच. हे खरं आहे आणि याची मला आजही खंत वाटते. मी गावोगाव सांगत फिरतो, लोक माना डोलावतात आणि मोटार पुढच्या पुरापर्यंत झोपते. दाजींनी मात्र नवं बॅरल आणलंय. त्यावर रंगानं मोठ्या अक्षरात लिहिलंय, ‘फक्त पाणी’. आक्कालासुद्धा ते कशाला वापरू देत नाहीत. आणि दर गुऱ्हाळाला काकवीची बरणी माझ्या घरी येते. मी बोट घालून चाटतो आणि दर वेळी करपल्याचा भास होतो.

त्या दिवशी काठाला लागलो तेव्हा पोरांनी दाजींना खुर्चीसकट उचलून शाळेत नेलं. आक्का उतरताना आधाराला तिनं माझा हात धरला. सकाळपासून पावसात बसलेली, तिची बोटं बर्फासारखी गार होती. जमिनीवर आली तरी तिनं हात सोडला नाही.

“लय तापलाय रं हात तुझा,” ती म्हणाली. “अंगात कणकण हाय का?”

“न्हाई आक्का. मोटारीवर ठेवला हुता.”

तिनं दुसराही हात त्यावर ठेवला.

“मग ऱ्हाऊ दे जरा हितंच.”